दहा हजार सातला भाग जात नाही

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे आणि मी रागावलेली आहे. माझं नाव दहा हजार सात. जुनी छत्री, जुनी खुर्ची, फुटकी पाटी अशा मंडळींनी आजवर तुम्हाला आपापली कहाणी ऐकवली असेल. त्या बिचाऱ्यांना कोणीतरी बनवलेलं असतं, म्हणून त्या मोडतात. मला कोणी बनवलं नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात पाणी साठण्याच्या आधी मी होते, आणि मोजायला माणूस नव्हता तेव्हाही होते. मला गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. पण कोणी न बघता माझ्याबद्दल खोटं बोललं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी माझं घराणं सांगते. मी मूळ संख्या आहे. मला एकनं भाग जातो आणि माझा मला जातो, तिसऱ्या कोणाचाही जात नाही. पाच अंकी मूळ संख्यांमध्ये पहिला मान माझा. माझ्या मागची मूळ संख्या नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर, आणि तिच्या-माझ्यामधल्या तेहतीसच्या तेहतीस संख्या कुठे ना कुठे फुटतात. मला उलटी लिहिलीत तर सत्तर हजार एक होते, तीही मूळच. माझ्या पुढे एक घर सोडून माझी जुळी बहीण राहते, दहा हजार नऊ. अशा दोघींना तुमच्या पुस्तकात जोडमूळ संख्या म्हणतात. मागच्या अंगाला एक शेजारीण आहे, दहा हजार एक. दिसायला हुबेहूब माझ्यासारखी, पण तिला त्र्याहत्तरनं भाग जातो, बरोबर एकशे सदतीस वेळा. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिचं गुपित माझ्या माथी मारलं गेलं, तक्रार त्याची आहे.

कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला फारसं आलं नाही. सात, अकरा, तेरा या पोरांच्या तोंडी असतात. शेकडो अंकांच्या अजस्र मूळ संख्या तुमच्या मोबाइलमधल्या निरोपांना कुलूप लावतात, त्यांचा रुबाब वेगळा. मी अधलीमधली. एकदा एका संगणकवाल्या पोरीनं हजारो नावं लावून ठेवायला दहा हजार सात खण केले, कारण खणांची संख्या मूळ असली की नावं एकाच खणात गर्दी करत नाहीत. चार दिवस मी खुशीत होते. मग तिनं ते कामच सोडलं. इथे सोलापुरात तर टॉवेलच्या कारखान्यात माल मोजताना दहा हजार सात टॉवेल भरले, की मुकादम म्हणतो, "ती वरची सात काढा की." वरची सात म्हणे! ती काढली की मी उरतेच कुठे? पण तेही मी गिळलं. पंचाक्षरी सरांनी जे केलं, ते मात्र गिळवत नाही.

शहराच्या जुळे सोलापूर भागात प्रज्ञांकुर गणित मंडळ नावाची एक खासगी संस्था आहे. गड्ड्याची जत्रा उठली की जानेवारीत ती आठवीच्या पोरांची परीक्षा घेते. पहिल्या वीस जणांना दोन वर्षं, दर रविवारी, मोफत शिकवणी आणि पुस्तकं. तेरा वर्षं पेपर काढतात ते पंचाक्षरी सर. त्यांची पेपर काढायची रीत ऐका. गेल्या वर्षीचा पेपर समोर घ्यायचा, प्रत्येक गणितातला एखादा अंक बदलायचा, की झाला नवा पेपर. सोप्या गणितांची उत्तरं ते नव्यानं काढतात. अवघड गणितांच्या वाटेला कोण जातो? गेल्या वर्षी सतरावा प्रश्न होता: दहा हजार एक ही संख्या मूळ की संयुक्त, कारण द्या. उत्तर: संयुक्त, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. यंदा सरांनी शेवटच्या एकाचा सात केला आणि उत्तर होतं तसंच ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

परीक्षेला तीनशे बारा पोरं बसली होती. कोणी मला मनात घेतलं की मी तिथे असते, म्हणून त्या दिवशी मी तीनशे बारा डोक्यांत होते. बहुतेकांनी मला नुसतं बघितलं आणि अंदाजानं काहीतरी लिहून टाकलं. खिडकीशी बसलेल्या एका मुलीनं मात्र पेन्सिलीला टोक केलं. ती दीक्षा. राहणारी बुधवार पेठेतली. वडील भीमा, महापालिकेचे चावीवाले, म्हणजे गल्लोगल्ली नळाचं पाणी सोडणारे. आई मीनाबाई घरी विड्या वळते आणि पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधून कारखान्यात देते. बंडलं बांधून झाली की सुपात काही विड्या उरतात. "आई, किती उरल्या?" हे दीक्षा बोलायला लागल्यापासून विचारत आली आहे. बाकीला किंमत असते हे तिला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं.

तिनं आधी दोन मिनिटं विचार केला. मला भाग जात असेल तर माझे दोन तुकडे पडणार. दोन्ही तुकडे शंभराहून मोठे असतील, तर त्यांचा गुणाकार निदान एकशे एक गुणिले एकशे एक, म्हणजे दहा हजार दोनशे एक होणार. तो तर माझ्याहून मोठा. म्हणजे एक तुकडा शंभराच्या आतच सापडला पाहिजे. आणि शंभराच्या आत मूळ संख्या आहेत फक्त पंचवीस. तिनं पंचवीसच्या पंचवीस भागाकार केले. दोननं एक उरला. तीननं दोन, सातनं चार. तेवीसनं भागताना ती थांबली, कारण मी जवळजवळ संपत आले होते, पण दोन उरलेच. त्र्याहत्तरनं सहा. शेवटी सत्त्याण्णवनं सोळा. मग तिनं लिहिलं, मूळ संख्या. माझ्या एवढ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी इतका घाम गाळला नव्हता.

त्या उत्तराला शून्य मिळालं. चारपैकी शून्य.

मार्चअखेर यादी लागली. दीक्षा विसाव्या नंबरापेक्षा दोन गुणांनी मागे होती. म्हणजे माझ्यावरून तिची दोन वर्षं गेली होती. उत्तरसूची संस्थेच्या फळ्यावर लावली होती, आणि तिच्यात छापलं होतं: सतरा, संयुक्त, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. शेकडो पोरं आणि त्यांचे आईबाप तो कागद वाचून गेले, कोणी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, पण एकानंही तो गुणाकार करून बघितला नाही. छापलंय म्हटल्यावर बरोबरच असणार! असल्या माणसांना बाजारात कांदा निवडताना बघा. एकेक कांदा दाबून घेतात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी नव्या वीस पोरांचा पहिला वर्ग होता. त्या दिवशी सकाळीच दीक्षा आणि मीनाबाई सरांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. भीमाची पाणी सोडायची पाळी होती. मीनाबाईच्या पिशवीत सूप, पानं आणि तंबाखू होता, कारण सोमवारी हजार विड्या द्यायच्या होत्या आणि जिथे बसायला मिळेल तिथे तिचा हात चालतो.

"सर, सतरावा परत बघता का? ती मूळ हाय," दीक्षा म्हणाली.

"उत्तरसूची अंतिम असते बाळ. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की."

"पण मी पंचवीस भागाकार केलेत. पेपरावर हायत सगळे."

"पंचवीस कशाला करत बसलीस? त्र्याहत्तरनं एक केला असतास तर जमलं असतं."

मित्रांनो, मला हात असते तर मी त्या टेबलावर आपटले असते.

"त्र्याहत्तरनं सहा उरतात सर," दीक्षा म्हणाली. आवाज कापत होता, पण सहा म्हणताना कापला नाही.

"तेरा वर्षं पेपर काढतोय मी."

तेव्हा मीनाबाई पुढे झाली. "सर, मी शिकल्याली न्हाय. पर आमच्या कारखान्यात चेकर बंडल सोडून बघतो, मग खराब विड्या छाटतो. तुमी न सोडताच छाटली की माझ्या पोरीला. कागदावर करून तर बघा."

तिला गप्प करावं म्हणून सरांनी पेन उचललं आणि एकशे सदतीसला त्र्याहत्तरनं गुणलं. शेवटचा अंक एक आला. त्यांनी पुन्हा गुणलं. पुन्हा एकच. दहा हजार एक. मग त्यांनी गेल्या वर्षीची फाइल काढली, उघडली, आणि लगेच मिटली.

त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "हे बघ बाळ, झालं असेल काही. पण यादी लागली. चौकात वीस पोरांच्या फोटोंचा फ्लेक्स लागलाय. तू एकविसावी म्हणून आजपासून वर्गात बस. पुस्तकंही देतो. फक्त कुठं बोलायचं नाही, सूची आहे तशी राहू दे."

मी तेव्हा काय केलं असेल? मी ओरडले, घे! पोरी, जागा घे! माझं काय, मला भाग जात नाही तो नाहीच जाणार, कागदावर कोणी काही लिहो. मी थांबू शकते. तू आठवीतली पोर, तुला थांबून चालायचं नाही. पण संख्येचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? दीक्षानं आईकडे बघितलं. आणि मला ठाऊक होतं की ती जागा मीनाबाईला पोरीहूनही जास्त हवी होती. सुपापासून पोरीला लांब न्यायचं हे एकच स्वप्न ती बघत आली होती.

मीनाबाईनं सुपाची पिशवी उचलली. मग म्हणाली, "आमचा चेकर चांगल्या विड्या बी छाटतो सर. छाटलेल्या फेकत न्हाय, गुपचूप आपल्या डब्यात टाकतो. चोवीस वरसं बघतीया. हे बी तसंच झालं की. पोरगी पास हाय तर भायेर फळ्यावर लिवा. डब्यात कशाला टाकता?"

"आणि ज्यांनी मूळ लिहिलं, त्या बाकीच्या पोरांचं काय सर?" दीक्षानं विचारलं.

सरांचा चेहरा उतरला, आणि मग आवाज चढला. "मग जा. यादी बदलणार नाही. काय करायचं ते करा."

त्या दोघी बाहेर आल्या. दीक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीनाबाई घरी गेली नाही. तिनं व्हरांड्यात भिंतीशी बैठक मारली, सूप मांडीवर घेतलं आणि विडी वळायला घेतली. "रडून झालं की ते भागाकार परत कर," ती म्हणाली. "हितंच बसून कर. सगळ्यास्नी दिसू दे."

अकरा वाजताच्या वर्गाला पोरं यायला लागली. त्यांत काव्या होती, शाळेत दीक्षाच्याच वर्गातली, यादीत एकोणिसावी. "काय झालं गं?" तिनं विचारलं. दीक्षानं सतरावा प्रश्न सांगितला.

"मी संयुक्त लिहिलं होतं," काव्या म्हणाली. "अंदाजानं. कारण काहीतरी ठोकून दिलं."

"मग त्र्याहत्तरनं भागून बघ."

काव्यानं पायरीवर बसून भागलं आणि पुन्हा एकदा भागून बघितलं. "सहा उरतात गं," ती हळूच म्हणाली. तिला लगेच कळलं होतं की या सहांनी तिचं काय होणार. तरी ती वही मिटून आत गेली नाही. तिनं मागून येणाऱ्या पोराला हाक मारली आणि म्हणाली, "तू एकोणऐंशीनं कर." असं करत वीस पोरांनी वीस मूळ संख्या वाटून घेतल्या. उरलेल्या पाच दीक्षानं केल्या. कोणी ओरडायचं, "मावशी, तीन उरले!" कोणी म्हणायचं, "माझे त्रेचाळीस!" आणि दर उत्तराला मीनाबाई एक विडी बाजूला ठेवायची. मला इतक्या जणांनी एकदम कापायला घेतलं होतं आणि मी कुठेच कापली जात नव्हते. रागातसुद्धा मला हसू आलं.

"झाले पंचवीस," दीक्षा म्हणाली.

"बंडलाएवढंच की," मीनाबाई म्हणाली. तिनं त्या पंचवीस विड्या सारख्या केल्या, दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि आत जाऊन बंडल सरांच्या टेबलावर ठेवलं. तिच्या मागे दारात वीस पोरं वह्या उघड्या धरून उभी होती.

"सोडून बघा सर," ती म्हणाली.

पंचाक्षरी सरांनी बंडल सोडलं नाही. त्यांनी पोरांच्या वह्या बघितल्या, पहिली, दुसरी, तिसरी. काव्याच्या वहीशी ते सर्वांत जास्त वेळ थांबले. मग लाल पेन घेऊन ते फळ्याकडे गेले, संयुक्त हा शब्द खोडला आणि वर मूळ असं लिहिलं. सही केली. तोंडानं मात्र एकच वाक्य निघालं, "छपाईची चूक झाली." छपाईची! छापणाऱ्यानं जे दिलं ते छापलं, आणि बोल त्याला!

सगळे पेपर पुन्हा तपासले गेले. चार नावं यादीत आली, चार गेली. दीक्षा अकरावी आली. काव्या बाहेर गेली. तिनं महिनाभर दीक्षाशी बोलणं टाकलं, आणि मी तिला दोष देत नाही. तिचं जे गेलं ते दीक्षानं नेलं नव्हतं. एका माणसानं पाच मिनिटांचा भागाकार केला असता, तर काव्या त्या फ्लेक्सवर चढलीच नसती आणि साऱ्या चौकासमोर उतरलीही नसती. पुढे जूनमध्ये दीक्षा शिकवणीच्या वह्या घेऊन तिच्या दारात गेली. आता रविवारी संध्याकाळी दोघी मीनाबाईच्या सुपाशेजारी बसून गणितं सोडवतात.

इथे माझी गोष्ट संपली असती, तर मी शांत झाले असते. पण परवा जानेवारीत नवी परीक्षा झाली. सरांनी दीक्षाला हाक मारली आणि उत्तरसूची फळ्यावर लावायला दिली. तिनं सतरावा प्रश्न वाचला. दहा हजार नऊ ही संख्या मूळ की संयुक्त, कारण द्या. उत्तर: मूळ.

कळलं का मित्रांनो? पुन्हा एक अंक बदलला. साताचा नऊ केला आणि माझं उत्तर माझ्या बहिणीला चिकटवलं. माझी बहीण मूळ आहेच, म्हणून यंदा सूची बरोबर आली. अकरा लिहिले असते तरी उत्तर तेच राहिलं असतं, आणि दहा हजार अकराला सरळ तीननं भाग जातो.

"सर, भाग घालून बघितला का?" दीक्षानं विचारलं.

"बरोबर आहे की नाही, ते सांग."

"माहिती न्हाय," दीक्षा म्हणाली. "बघून सांगते."

ती कागद घेऊन व्हरांड्यात आली, गेल्या एप्रिलात आई बसली होती त्याच भिंतीशी बसली आणि पेन्सिलीला टोक केलं.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्यावर प्रेम करू नका, मला पाठ करू नका. पण कोणाला नापास करायच्या आधी, आणि कोणाला पास करायच्या आधीही, एकदा भाग घालून बघा. लई नाहीत, पंचवीसच आहेत. मी अजून रागावलेली आहे आणि राहणार आहे. पण ती बघा, दीक्षानं सुरुवात केली. दोननं एक उरला. तीननं एक. पाचनं चार.